आराखडा नंतर, आधी दाखल-खारीज उघडा

मॅडम, वाचणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. यवतमाळ जिल्ह्यात, कापसाच्या पट्ट्यातल्या एका गावात, पहिली ते सातवीच्या जिल्हा परिषद शाळेवर तुम्ही नुकत्याच मुख्याध्यापक म्हणून रुजू झालात. पट शंभराच्या आत आहे आणि दर जूनमध्ये दोन-चार लेकरं तालुक्याच्या कॉन्व्हेंटच्या गाडीत बसायला लागतात. वरून ‘भविष्यवेधी शाळा’ म्हणून तीन वर्षांचा विकास आराखडा मागितलाय. सरपंच वित्त आयोगाच्या निधीतून दोन लाख द्यायला तयार आहेत, पण त्यांना त्यातून रोबोटिक्सचा संचच हवा. आणि तुम्ही विचारता, की मुलांना उद्याच्या जगासाठी तयार करायचं म्हणजे मुख्याध्यापकाने रोज शाळेत येऊन नेमकं करायचं तरी काय?

मी याच भागात आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा, म्हणून नोकरी केली. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आराखड्याचा कोरा नमुना पंधरा दिवस कपाटात राहू द्या आणि दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे कोणतं मूल शाळेत कधी आलं आणि कधी सोडून गेलं याची नोंदवही, बाहेर काढा. दहा-बारा वर्षांपूर्वी सातवी होऊन टीसी घेऊन गेलेली एक तुकडी निवडा. पंधरा-वीस नावं असतील. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: शिक्षण कुठे थांबलं, आज तो किंवा ती काय करते, आणि थांबायचं कोणी ठरवलं. ही माहिती कोणत्याही पोर्टलवर मिळणार नाही. आशाताईला विचारा, अंगणवाडी सेविकेला विचारा, कोतवालाला विचारा, किराणा दुकानदाराला विचारा. दोन-तीन संध्याकाळी बसलात की यादी पूर्ण होते. ती भिंतीवर लावायची नाही, मीटिंगमध्ये वाचायची नाही. लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत त्या. तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या.

मी केंद्रप्रमुख असताना बऱ्याच शाळांकडून ही यादी करून घेतली. आकडे गावागणिक बदलतात, चित्र फारसं बदलत नाही. मुलींपैकी काही सातवी-आठवीला थांबलेल्या, कारण पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर. मुलांपैकी काही दहावीला गणित किंवा इंग्रजीत गेलेले, पुन्हा न बसलेले. बारावी झालेले आणि पुढे काय करायचं हे कोणी न सांगितल्यामुळे मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून ठेवलेले. काही पुण्याकडे कंपनीत कंत्राटी, सहा महिन्यांनी परत गावात. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारे. एखादी नर्सिंगला गेलेली, एखादा शिक्षक, एखादा फौजी. शाळेच्या फाटकाजवळच्या ‘आमचे यशवंत’ फलकावर या शेवटच्या दोन-तिघांचीच नावं असतात. आराखडा लिहायचा तो बाकीच्या पंधरा जणांसाठी.

या यादीवरून एक गोष्ट लगेच दिसते. मुलं भविष्यात अडत नाहीत, ती फार आधी अडलेली असतात. दहावीला गणितात गेलेल्या पोराच्या जुन्या शिक्षकाला विचारा, तो सांगेल की याला चौथीत भागाकार येत नव्हता. चौथीत भागाकार का येत नव्हता, तर शाब्दिक उदाहरण वाचताच येत नव्हतं. म्हणून मी कोणत्याही नव्या मुख्याध्यापकाला पहिलं काम हेच सांगतो: स्वतः बसा आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाचं वाचन ऐका. शिक्षकाने दिलेल्या तक्त्यावर विसंबू नका. पट शंभराच्या आत आहे, एका मुलाला तीन मिनिटं धरली तरी आठवड्याभरात होतं. पाठ्यपुस्तकातला धडा मात्र देऊ नका. पोरं तो तोंडपाठ म्हणतात आणि बोट भलत्याच ओळीवर असतं. न पाहिलेला उतारा द्या. कोण अक्षरावर आहे, कोण शब्दावर, कोण छोटा परिच्छेद वाचतं, कोण गोष्ट वाचून काय झालं ते सांगतं, एवढी चारच घरं वहीत करा.

निकाल पाहून दचकू नका. देशभरची अवस्था फार वेगळी नाही. ‘असर’ या देशव्यापी शिक्षण-पाहणीत 2024 ला ग्रामीण भारतात पाचवीच्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. केंद्र सरकारने 5 जुलै 2021 ला निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब यावा हे ध्येय ठेवलं, मुदत 2026-27 ची. शासनाच्या योजनांवर मी एरवी बोटं मोडतो, पण हे ध्येय मला मनापासून पटतं. एवढंच एक साधलं तरी तुमच्या आराखड्याचा अर्धा भाग झाला.

कसं साधायचं? तिसरी ते पाचवीची मुलं रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवा. शब्दावर असलेली पाचवीतली मुलगी आणि शब्दावर असलेला तिसरीतला मुलगा एकाच गटात. सुरुवातीला पाचवीतली पोरं लाजतात, म्हणून त्या गटाला वेगळं नाव देऊ नका, ‘मागे पडलेले’ तर मुळीच म्हणू नका. शिक्षक म्हणतील, माझा अभ्यासक्रम कधी संपवू? त्यांना म्हणा, वाचता न येणाऱ्या मुलाचा अभ्यासक्रम तुम्ही संपवलात तरी तो फक्त तुमचाच संपतो. हे मुख्याध्यापकाने बोलून भागत नाही, एक गट स्वतःकडे घ्यावा लागतो, आणि तो सगळ्यात कच्चा गट असावा. बाकीच्यांची तक्रार तिथे बरीचशी थांबते.

आता वेळेचं. आपल्या शाळांमध्ये शिकवण्याचा वेळ फळ्यासमोर जात नाही, फोनमध्ये जातो. ‘तात्काळ’, ‘आजच दुपारी दोनपर्यंत’, ‘निरंक असल्यास निरंक कळवावे’. पोषण आहाराची नोंद, यू-डायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरची दुरुस्ती, आधार जुळणी, कुठल्या तरी दिनाचे फोटो. परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत एकाही शिक्षकाच्या हातात फोन दिसणार नाही, वरच्या सगळ्या माहितीला मुख्याध्यापक उत्तर देईल आणि तेही मधल्या सुट्टीनंतर, असा नियम करा. पहिल्या महिन्यात दोन-तीन फोन येतील, आवाज चढेल. ‘माहिती तीन वाजता मिळेल साहेब’ एवढं शांतपणे सांगा आणि तीनला खरोखर द्या. महिन्याभरात त्यांनाही सवय होते. मोठमोठ्या प्रशिक्षणांत नेतृत्वावर पॉवरपॉइंट दाखवतात, त्यात हे कधी येत नाही. मला विचाराल तर शिक्षकाचे सकाळचे तीन तास राखणं हे मुख्याध्यापकाचं सगळ्यात मोठं काम आहे.

दुसरं, शाळेचं कॅलेंडर कापसाशी जुळवा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणजे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आपली शाळा आधीच उशिरा सुरू होते. सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याची वावरातली पूजा, झाली, वेचा लागला की नोव्हेंबर ते जानेवारी हजेरी गळते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे घरातला प्रत्येक हात लागतो. मोठी मुलगी वावरात नसेल तर घरी लहान भावाला सांभाळत असते. याला पालकांची बेफिकिरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यापेक्षा नवं आणि अवघड ते जुलै ते ऑक्टोबरमध्ये घ्या, वेच्याच्या दिवसांत सराव आणि वाचन ठेवा, राहिलेलं फेब्रुवारीपासून. लहान भावाला कडेवर घेऊन आली तरी मुलगी वर्गात बसू शकते, हे शिक्षकांना स्पष्ट सांगा. अंगणवाडीची वेळ शाळेशी जुळत असेल तर तो प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. जी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा तेलंगणात मिरची तोडायला जातात, त्यांच्या लेकरांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून जाण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्या. आजी गावातच राहत असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव व्यवस्थापन समितीकडून दिवाळीच्या आधी पाठवा. दिवाळीनंतर पाठवलेला प्रस्ताव मंजूर होईपर्यंत पोरं निघून गेलेली असतात.

आता ज्याला सगळे ‘भविष्य’ म्हणतात त्याकडे येतो.

2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं बरीच होती: दाट वाढलेला कापूस, बिनसंरक्षणाची फवारणी, औषधांची मनाजोगती सरमिसळ. पण त्या डब्यांवर सूचना छापलेल्या होत्या. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. खाली बारीक अक्षरात किती पाण्यात किती घालायचं, विषबाधा झाली तर काय करायचं. सहावी-सातवीच्या मुलांना रिकामे डबे हाताळायला लावू नका, दुकानातून माहितीपत्रकं मागवा किंवा लेबलचा फोटो मोठा करून छापा. ते वाचणं, त्यातलं प्रमाण पंधरा लिटरच्या पंपासाठी काढणं, आणि घरी बापाला समजावून सांगणं. मराठीचं आकलन, गणितातलं गुणोत्तर आणि विज्ञान यात एकत्र येतात. उद्याच्या कोणत्याही कामात, मग तो पोरगा सौर पंप बसवणारा होवो की ड्रोनने फवारणी करणारा की दवाखान्यातली परिचारिका, बारीक अक्षरातली सूचना वाचून तशी कृती करणं हेच लागणार आहे.

पर्जन्यमापकाचंही तसंच. स्टीलचा किंवा प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक फार महाग नाही. शाळेच्या आवारात उघड्या जागी बसवा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आपणही साडेआठलाच मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. पेरणीच्या वेळी शाळेला सुट्टी असते, म्हणून सहावी-सातवीतली गावातच राहणारी चार मुलं पाळीने मोजतील असं मे महिन्यातच ठरवा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पण आपल्या गावात किती पडला हे कोणालाच माहीत नसतं. महसूल मंडळाचा आकडा पंधरा किलोमीटरवरच्या यंत्राचा. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याची थैली दुसऱ्यांदा उधारीवर आणणं, हे सांगायला नको. एका शाळेत हा प्रयोग दोन पावसाळे चालला, तेव्हा कास्तकार सकाळी फळा पाहायला फाटकाशी यायला लागले. एक म्हातारबुवा सातवीतल्या मुलीला विचारत होते, ‘काव बाई, झाला का शंभर? का थांबू अजून?’ तिने वहीची पानं उलटून बेरीज केली आणि ‘बासष्ट झाला आबाजी, थांबा’ म्हणाली. मोजणं, नोंद ठेवणं, नोंदीवरून निर्णय सांगणं आणि मोठ्या माणसासमोर न घाबरता सांगणं. डेटा सायन्सची जाहिरात करणारे हेच विकतात, जास्त पैशात.

गणितासाठी कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे मिळणारे पैसे, हाताशी आहेच. 2024-25 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे एक टक्का भाव कापतात आणि बाराच्या वर कापूस घेतच नाहीत. मग दहा टक्के ओलावा निघाला, बारा क्विंटल कापूस आहे, तर किती कटले? क्विंटलला दीडशेच्या वर, एकूण अठराशे पाच रुपये. दोन दिवस उन्हात वाळवला असता तर? आणि वाळवल्यावर वजन कमी झालं त्याचं काय? हा शेवटचा प्रश्न मुलांनीच काढला पाहिजे, तुम्ही फक्त वाट पाहायची. पाठ्यपुस्तकातल्या शेकडेवारीला कंटाळलेला पोरगा इथे भांडायला उठतो.

हे काही नवं नाही. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, तिथूनच नई तालीम निघाली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायचे ही कल्पना आपल्या मातीत उगवलेली आहे. पुढे बहुतेक शाळांत सूत कातायची टकळी तेवढी उरली, तिच्याभोवतीचे प्रश्न गेले, आणि मग टकळीही गेली. म्हणून सावध करतो: पर्जन्यमापक आणलात आणि फक्त फोटो काढून ग्रुपवर टाकलात, तर त्याचीही टकळीच होईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. गावात जवळपास प्रत्येक घरी स्मार्टफोन आहे, पोरं बोलून प्रश्न विचारतात आणि फोन उत्तर देतो. तेव्हा हे येईल की नाही यावर चर्चा करण्यात अर्थ नाही, ते आलेलंच आहे. सहावी-सातवीला आठवड्यातून एक तास एवढाच खेळ घ्या: फोनला आपल्या गावाबद्दल पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं तपासायची. गावात किती विहिरी आहेत, तळं कधी खोदलं, गुलाबी बोंडअळीसाठी कोणतं औषध किती घालायचं. मग विहिरी स्वतः मोजायच्या, तळ्याचं आजोबांना विचारायचं, औषधाचं कृषी सहायकाला विचारायचं आणि लेबलशी ताडून पाहायचं. फोन किती ठामपणे चुकीचं सांगतो हे एकदा स्वतः पकडलेलं मूल पुढे कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. याला ना लॅब लागते ना संच. मात्र ज्याला परिच्छेद वाचता येत नाही त्याला यातलं काहीच करता येत नाही, म्हणून मी पुन्हापुन्हा तिसरीच्या वाचनावर येतो.

भाषेचं थोडक्यात. तुमच्या पटावर कोलाम, गोंड, बंजारा लेकरं असतील. त्यांच्या घरची बोली पहिलीच्या शिक्षकाला शंभर शब्दांपुरती तरी यायला हवी. एखाद्या आजीला शाळेत बोलवा, गोष्ट सांगू द्या, शिक्षक ऐकतील आणि लिहून घेतील. आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराने पहिलीत ‘मले पानी पाह्यजे’ म्हटलं तर आधी पाणी द्या. प्रमाण मराठी तिसरी-चौथीपर्यंत आपोआप येते, वाचनातून येते. पहिल्याच महिन्यात हसं झालेलं मूल मात्र वर्षभर तोंड उघडत नाही.

कॉन्व्हेंटच्या गाडीशी भांडू नका. त्या गाडीत पोरगं बसवणारी आई मूर्ख नाही, तिला तुमच्या ड्रॉवरमधल्या यादीतले पंधरा जण माहीत आहेत. ती पैसे देऊन त्या यादीतून बाहेर पडायचा रस्ता शोधतेय. तिला भाषणाने परत आणता येत नाही, दाखवून आणता येतं. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर किंवा समाजमंदिरात मुलांचं उघडं वाचन ठेवा. दुसरीतलं पोर गावासमोर न पाहिलेला उतारा वाचतं, पाचवीतली मुलगी इंग्रजीतून आपल्या घराबद्दल दहा वाक्यं बोलते, आणि ती पाठ केलेली नाहीत हे दाखवायला गावातलाच कोणी कॉलेजात जाणारा पोरगा मध्येच इंग्रजीत प्रश्न विचारतो. एक बाप असं वाचन ऐकून मला म्हणाला होता, ‘गुरुजी, बाकीचं आमाले समजत नाई, पण पोट्टं वाचून रायलं ना, हे समजते.’ पट यातूनच वाढतो. दोन वर्षं लागतात, एका वर्षात वाढेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आठवीकडे जाणाऱ्या मुलींचं काम एप्रिलमध्येच करायचं असतं. सातवीचा निकाल लागून टीसी हातात दिली की आपली जबाबदारी संपली, असं आपल्याकडे समजतात आणि गळती नेमकी तिथेच होते. सातवीच्या सगळ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन एक दिवस पुढच्या हायस्कूलला जा. तिथल्या मुख्याध्यापकांची ओळख, वर्ग, मुख्य म्हणजे मुलींचं स्वच्छतागृह, हे आयांनी डोळ्यांनी पाहू द्या. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठी निळी एसटी आणि सायकल मिळते. गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का, हे आगाराला आधी विचारा, जुळत नसेल तर जूनच्या आत लेखी द्या.

एनएमएमएस या गरीब घरच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचंही इथेच बघा. परीक्षा आठवीत होते, पण बसायला सातवीला 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. मजुराच्या घरात बारा हजार म्हणजे मुलगी दहावीच्या पुढे जाण्याचा आधार असतो. बुद्धिमत्ता चाचणीची तयारी सहावीपासून तुमच्याकडेच सुरू झाली पाहिजे, हायस्कूलला तेवढा वेळच मिळत नाही. नवोदय विद्यालयात 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पाचवीतल्या तिच्या प्रवेश परीक्षेची तयारी जरूर करा, पण दोन हुशार पोरांसाठी पाचवीचा शिक्षक सहा महिने त्यांच्याच मागे असं होऊ देऊ नका. हा मोह मोठा असतो, कारण फलकावर नाव येतं.

सहलीचे पैसे वॉटर पार्कवर घालवू नका एवढीच माझी विनंती. सातवीला आयटीआयच्या कार्यशाळेत न्या, कृषी विज्ञान केंद्रात न्या, एसटीच्या आगारात न्या, गावातच कोणाच्या वावरात सौर पंप बसत असेल तर तिथे उभं करा. प्रत्येक ठिकाणी मुलांनी काम करणाऱ्या माणसाला विचारायचं की तुम्ही हे कुठे शिकलात आणि दहावीला किती होते. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं पोरांना बारावी-इंजिनिअरिंगच्या पलीकडचे रस्ते दाखवतात.

आता तुमच्या बदलीचं. तुम्ही तिथे किती वर्षं राहाल, हे तुमच्या हातात नाही. ऑनलाइन बदल्या सुरू झाल्यापासून तर नाहीच. मुख्याध्यापक बदलला की शाळा पुन्हा पहिल्यासारखी झालेली मी इतक्यांदा पाहिलीय, की आता कोणत्याही शाळेचं कौतुक मी तिथला मुख्याध्यापक गेल्यानंतर दोन वर्षांनीच करतो. यावर उपाय एकच मला सापडलाय, तो म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती खरी चालवणं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि विकास आराखडा करणं हे मुळात समितीचंच काम आहे, तुमचं एकटीचं नाही. पण मीटिंग सकाळी अकराला ठेवलीत तर मजुरी बुडवून कोण येणार? मग रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. मीटिंग संध्याकाळी सातला ठेवा, जमल्यास बचत गटाच्या बैठकीला जोडून. सकाळचे तीन तास राखायचे, पातळीप्रमाणे गट, शनिवारचं वाचन, पाऊस मोजणं, असं सगळं ठराव म्हणून मीटिंग-बुकात जाऊ द्या. नवा मुख्याध्यापक आला आणि त्याने वाचन बंद केलं, तर पारावर बसलेली एखादी आई विचारेल, ‘काहून जी, या महिन्यात पोरायचं वाचन नाई ठेवलं?’ माझ्या अनुभवात या प्रश्नाची धास्ती परिपत्रकापेक्षा जास्त असते.

शिक्षकांपैकी एखादा तुमच्याशी सहमत नसेल. त्याला मीटिंगमध्ये घेरू नका. त्याच्या वर्गात जाऊन आठवड्यातून दोन तास तुम्ही शिकवा आणि त्याला मागे बसून तुमच्या चुका लिहायला सांगा. काहीजण यानेही बदलत नाहीत. त्यांच्यावर फार शक्ती खर्च करू नका, बाकीच्यांना सांभाळा.

राहिला सरपंचांचा दोन लाखांचा विषय. नाही म्हणू नका, सरपंच स्वतःहून शाळेचं नाव काढतोय हे फार मोठं आहे. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती आणि 40 टक्के मोकळी, हे ग्रामसेवकाकडून आधी समजून घ्या आणि सध्याचा नियम कोणता तेही विचारा. मुलींचं स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा आणि नळजोडणी बांधलेल्या रकमेतून मागता येते, त्यासाठी मोकळे दोन लाख मोडायची गरज नाही. मोकळ्या रकमेतून सौर पॅनेल घ्या, कारण वीजबिल थकल्यामुळे कापडाखाली झाकून ठेवलेले स्मार्ट टीव्ही तुम्हीही पाहिले असतील. मग वाचनालयाची पुस्तकं, भरपूर चित्रांची आणि मोठ्या अक्षरांची. पर्जन्यमापक, वजनकाटा, दोन-चार थर्मामीटर, मोजपट्ट्या. आणि काही रक्कम उरली तर सरपंचांचं मन राखायला एक छोटा इलेक्ट्रॉनिक्सचा संच: बॅटरी, वायर, एलईडी, मोटर, मल्टिमीटर. तो कपाटात ठेवायचा नाही, पोरांच्या हातात द्यायचा. गावात जो मोटर रिवाइंडिंग करतो त्याला महिन्यातून एक दुपार शाळेत बोलवायचं.

हे सरपंचांना पटवायचं कसं, तर त्यांना शनिवारच्या वाचनाला पाहुणा म्हणून बोलवा आणि ड्रॉवरमधल्या यादीतले आकडे, नावं न घेता, त्या दिवशी त्यांना एकट्यालाच सांगा. बहुतेक त्यांच्या स्वतःच्या घरातलंही कोणी त्या यादीत असेल. उद्घाटनाची फीत मात्र त्यांच्याच हाताने कापून घ्या, पर्जन्यमापकाची असली तरी.